पुढचं डावं चाक

तो ट्रक आठवड्यात तिसऱ्यांदा आमच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा मी ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. तो खाली उतरला, दार ओढून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "वहिनी, परत लागला."

दिवा परत लागला होता. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा, एबीएसचा.

आमचं गॅरेज सिन्नर फाट्याजवळ, हायवेला लागून आहे. चाकं, हब, ब्रेक ही माझ्या नवऱ्याची कामं, आणि वायरिंग माझं. मी सिन्नरच्या एमआयडीसीत नऊ वर्षं गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बांधायचं काम केलंय. ती लाइन बंद झाल्यावर मी ह्यांच्या गॅरेजात एक टेबल टाकलं. सुरुवातीला ड्रायव्हर लोक बाईच्या हातात मीटर बघून दुसरीकडे वळायचे. मग हळूहळू यायला लागले. हा ड्रायव्हर पहिल्यापासून येणाऱ्यांतला. हरसूलच्या पलीकडच्या पाड्यावरचा, घरी भाताची शेती, आणि स्वतःचा हा जुना सहाचाकी ट्रक. नाशिकरोडच्या रेल्वे मालधक्क्यावरून सिमेंट भरायचं आणि त्याच्या भागातल्या दुकानदारांना पोचवायचं, हा त्याचा धंदा.

एबीएस म्हणजे काय ते मी त्याला पहिल्याच खेपेला सांगितलं होतं. जोरात ब्रेक दाबला की चाक जागच्या जागी अडकू नये, गाडी घसरत जाऊ नये, म्हणून ही व्यवस्था. प्रत्येक चाकाच्या मधल्या भागावर, म्हणजे हबवर, एक दातेरी कडं असतं, आणि त्याच्या अगदी जवळ, केसभर अंतरावर, बोटाएवढा सेन्सर. चाक फिरलं की दात सेन्सरसमोरून जातात आणि सेन्सर वेग सांगतो. त्यात कुठं बिघडलं की दिवा लागतो आणि ही व्यवस्था बंद पडते. साधा ब्रेक मात्र लागतच राहतो. हे शेवटचं वाक्य मी त्याला धीर द्यायला सांगितलं होतं. नंतर तेच वाक्य आम्ही सगळ्यांनी सोयीसाठी वापरलं.

पहिल्या खेपेला मी डॅशबोर्डखालचं बटण दाबून धरलं, दिवा लुकलुकायला लागला; तो किती वेळा लुकलुकतो त्यावरून बिघडलेलं चाक कळतं, ते मी मोजलं. पुढचं डावं चाक. ह्यांनी जॅक लावून ते चाक उचलून दिलं आणि स्वतः दुसऱ्या गाडीकडे गेले, कारण तिचा मालक उभा राहून घाई करत होता. मी सेन्सर तपासला. आतली तार शाबूत होती, जोड मात्र चिखलानं भरला होता. जोड साफ केला. एका हातानं चाक फिरवून दुसऱ्या हातानं मीटर धरलं, तर आकडा वर जायचा, खाली यायचा, परत वर जायचा. मला वाटलं, माझ्याच हातानं चाक सारखं फिरत नाहीये. सेन्सर थोडा बाहेर सरकला होता, तो आत दाबून बसवला. दिवा विझला. तो गेला.

दोन दिवसांनी तो परत आला. म्हणाला, गावात काही नाही, पण वळणावळणाचा रस्ता लागला की दिवा लागतो. मी नवा सेन्सर बसवला. जुना टेबलावर टाकला. परत दिवा विझला.

आणि आता तिसरी खेप. होळी तीन दिवसांवर आली होती. मालधक्क्यावरून माल भरून तो थेट आमच्याकडे आला होता आणि त्याला थांबायला वेळ नव्हता. "मंडळी गिरणाऱ्याला द्राक्षाच्या मळ्यावर हाय," तो म्हणाला. "तोडणी सरली. तिला घेऊन घरी जायचंय. दिवा नुसता डोळ्यात खुपतो बघा. स्टेअरिंग पन थोडं हलल्यागत वाटतं, पन तो रस्ताच तसला हाय. दुसरा एक मिस्त्री म्हनला, बल्ब काढून टाक. काढू का?"

ह्यांनी लांबूनच सांगितलं, "काढ ना. बारा वर्षांची गाडी आहे. किती दिवस त्या दिव्याच्या मागे लागणार? ब्रेक लागतायत ना व्यवस्थित?"

मी सेन्सर बघितला. नवा कोरा सेन्सर दोन दिवसांत परत बाहेर सरकला होता. हे मला विचित्र वाटलं. तसं मी बोललेही. पण ड्रायव्हर घड्याळाकडे बघत होता, ह्यांच्या बोलण्यात थोडी चीड होती, आणि मलाही तीनदा तेच काम फसल्याची लाज वाटत होती. डॅशबोर्डचं पॅनल मीच उघडलं. बोटाच्या पेराएवढा तो बल्ब मीच ओढून काढला. सेन्सर दाबून बसवला, पॅनल लावलं. "होळी करून या, मग नीट बघते," म्हणाले. तो हसला आणि गेला.

तो अकराच्या सुमाराला गेला. साडेबारा वाजता आम्ही डबे उघडले. मी टेबल आवरत होते, जेवायला जागा करायची म्हणून, आणि पहिला जुना सेन्सर हातात आला. त्याचं टोक एका बाजूनं घासून चकचकीत झालं होतं, एखाद्या नाण्याची कड झिजते तसं.

मी तो हातात धरून बसले. सेन्सर आपणहून बाहेर सरकत नाही. त्याला समोरचं कडं ढकलतं. कडं ढकलायचं असेल तर ते लटपटायला हवं. कडं हबवर घट्ट बसलेलं असतं, म्हणजे हब लटपटत होतं. मीटरचा आकडा वर-खाली होत होता तो माझ्या हातामुळे नव्हे. स्टेअरिंग हलतं असं तो म्हणाला होता ते रस्त्यामुळे नव्हे.

आणि त्या चाकाचं बेअरिंग साधारण महिन्यापूर्वी ह्यांनी बदललं होतं.

"अहो," मी म्हणाले, "ते चाक सैल आहे."

ह्यांच्या हातात घास होता. मी सेन्सर पुढे केला. त्यांनी त्याचं टोक बघितलं, बोटानं चाचपलं. त्यांना पुढचं काही सांगावं लागलं नाही. घास डब्यात परत ठेवून ते उठले. मी ड्रायव्हरला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. परत लावला. परत तेच.

ह्यांनी पिशवीत पाने, ग्रीसचा डबा, हातोडी भरली. मग मांडणीवरच्या एका डबीतून, हबचा नट अडकवून ठेवणारी एक जाड स्प्लिट पिन काढून खिशात टाकली. ती पिन घेताना त्यांचा चेहरा मी पाहिला, आणि नेमकं काय झालंय ते मला तेव्हाच कळलं असावं. पण मी विचारलं नाही. मोटारसायकल निघाली.

शहरातून बाहेर पडेपर्यंत जीव मेटाकुटीला आला. द्वारका चौकात गाड्या खोळंबल्या होत्या. हरसूलला जायला दोन वाटा, एक त्र्यंबकवरून आणि एक गिरणाऱ्यावरून. चुकीची वाट धरली तर तो घाट उतरून जाईपर्यंत आम्ही भलतीकडेच फिरत बसणार. सिग्नलला ह्यांनी मान मागे वळवून विचारलं, "कुठून?"

"गिरणारे. बायकोला घ्यायचंय त्याला."

"नक्की?"

"तसंच म्हणाला."

गंगापूर रोड मागे पडेपर्यंत मी तीनदा फोन लावला. डोक्यात एकच हिशोब चालला होता. सिमेंटनं भरलेला ट्रक, पुढचं एक चाक नटाच्या भरवशावर, आणि नट सैल. चाक सुटलं तर सपाटीवर गाडी कदाचित नाक घासून थांबेल. घाटात एका बाजूला दरी. आणि आता केबिनमध्ये तो एकटा नसणार.

गिरणाऱ्याच्या चौकात होळीसाठी गावी निघालेल्या मजुरांची गर्दी होती. गाठोडी, पातेली, कडेवर लेकरं. मी उतरून चहाच्या टपरीवर विचारलं. टपरीवाला म्हणाला, "सिमेंटची गाडी ना? आत्ता गेली की. एक बाई चढली. अर्धा तास झाला असंल."

अर्धा तास. मी मागे बसले तेव्हा ह्यांचा शर्ट पाठीवर ओला झाला होता. एरवी माझ्या मागे बसण्यावरून, पदरावरून, हजार सूचना करणाऱ्या ह्यांनी थेट गिअर टाकला. गाडी इतकी जोरात कधी चालवली नव्हती. माझ्या मनात भीती होती, आणि भीतीच्या खाली रागही होता. राग नेमका कोणाचा, ते ठरत नव्हतं. हब ह्यांनी बांधलं होतं. दिवा मी काढला होता.

चढ संपून घाटाचा उतार सुरू झाला आणि दुसऱ्या वळणानंतर तो दिसला. मागच्या फळीवरची निळी ताडपत्री मी ओळखली. तो हळूच उतरत होता, त्याची पद्धतच तशी. ह्यांनी हॉर्न वाजवला. त्याला वाटलं मोटारसायकलला पुढे जायचंय, त्यानं हात बाहेर काढून पुढे जायची खूण केली. जायचं तर उजवीकडून, आणि उजवीकडे दरी. ह्यांनी गाडी डावीकडेच, डोंगराच्या बाजूला घातली. मातीच्या पट्टीवरून आम्ही ट्रकच्या पुढच्या चाकाला समांतर आलो, आणि मी ते चाक पाहिलं.

ते गोल फिरत नव्हतं. वरून आत, खालून बाहेर, असं डुलत होतं.

ह्यांनी ओरडून सांगितलं, "ब्रेक दाबू नका! गिअरमध्येच ठेवा! डावीकडे घ्या, डोंगराकडे!"

खिडकीत त्याच्या बायकोचं तोंड दिसलं. तिनं आत वळून काहीतरी सांगितलं. इंजिनचा आवाज चढला, गिअर खाली आला. आम्ही मागे सरलो. ट्रक सावकाश, फारच सावकाश, डावीकडे आला. पुढचं वळण तीस-चाळीस पावलांवर होतं. मी ह्यांच्या खांद्यात बोटं रुतवून बसले होते, ते मला नंतर त्यांच्या खांद्यावरचे वळ बघून कळलं. ट्रकचं डावं चाक मातीत गेलं, डोंगराच्या कडेला बंपर टेकला, काही दगड घरंगळले, आणि गाडी थांबली.

ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरला.

मग ह्यांनी मागच्या चाकांना दगड लावले, जॅक चढवला, आणि हबला हात लावताच झटकन मागे घेतला. तापलं होतं. जळक्या ग्रीसचा वास येत होता. चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं तर ते खळखळलं. हबचं टोपण उघडलं. आतला मोठा नट, जो लांब पान्यानं अंगाचा जोर लावून सोडवावा लागतो, तो ह्यांनी दोन बोटांनी फिरवला.

नट फिरू नये म्हणून त्याच्या खाचेतून एक पिन आरपार घालून वाकवतात. ह्यांनी ग्रीसमध्ये बोट घातलं आणि त्या पिनचे दोन तुकडे बाहेर काढून तळहातावर घेतले. बारीक पिन. त्या नटाला लागते त्याच्या निम्म्या जाडीची.

ड्रायव्हर वाकून बघत होता. तो काही अडाणी नव्हता, पंधरा वर्षं गाडी चालवत होता. त्यानं तुकडे पाहिले, मग ह्यांच्याकडे पाहिलं. "हे तुमीच बसवलं व्हतं ना, मिस्त्री?"

ह्यांना सहज म्हणता आलं असतं, गाडी जुनी आहे, रस्ता खराब आहे, पिन तुटते कधीकधी. गॅरेजात असं बोललेलं मी ऐकलंय, ह्यांच्याकडून नसेल, पण ऐकलंय. आणि ते तसं बोलले असते तर मी काय केलं असतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

"हो," हे म्हणाले. "बरोबर मापाची पिन संपली होती. तुम्हाला निघायचं होतं. म्हटलं आत्ता ही घालू, दोन दिवसांत बदलू. मग विसरलो."

"इसरलात," ड्रायव्हर म्हणाला.

"विसरलो."

"आणि तो दिवा ह्याच चाकासाठी लागत होता," मी म्हणाले. "तो मी काढला."

तो वळला. डोंगराच्या कडेला जाऊन आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याची बायको केबिनमधून खाली उतरली. तिनं आधी गाठोडं काढलं, मग पातेल्यांची पिशवी, मग द्राक्षांची एक पेटी. सगळं रस्त्याच्या कडेला रचलं आणि त्यावर बसली. "म्या यात बसनार नाय," ती म्हणाली. ओरडली नाही, रडली नाही.

बेअरिंगवर ओरखडे उमटले होते, ते वापरण्यासारखं नव्हतं. नवं आणायला हे मोटारसायकलवरून नाशिकला परत गेले. मी थांबले. मीच म्हणाले थांबते. तीन तास आम्ही तिघं त्या उतारावर होतो. ड्रायव्हर वरच्या वळणावर झाडाच्या फांद्या टाकून आला, येणाऱ्या गाड्यांना समजावं म्हणून, आणि तिकडेच बसून राहिला. मी त्याच्या बायकोपासून हातभर अंतरावर बसले. ती माझ्याच वयाची असेल. तिची बोटं द्राक्षाच्या चिकानं काळी पडली होती, माझी ग्रीसनं.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "ताई, तो दिवा काढताना तुमाला ठाव व्हतं?"

"चाकाचं माहीत नव्हतं," मी म्हणाले.

ती माझ्याकडे वळून बसली.

"पण काहीतरी बरोबर नाही असं वाटलं होतं," मी म्हणाले. "सेन्सर सारखा बाहेर येत होता. तिथेच थांबायला हवं होतं. थांबले नाही."

"का?"

मला पुष्कळ कारणं सुचली. त्याला घाई होती, हे चिडले होते, तीनदा आलेली गाडी दारातून जावी असं मलाच वाटत होतं. त्यातलं एकही तिला सांगण्यासारखं वाटलं नाही. "चुकलं," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. मला वाटलं होतं, ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. खालच्या बाजूला हरसूलकडे निघालेली एक जीप थांबली, ती गाठोडी उचलून चढली. जाताना नवऱ्याला म्हणाली, "घरी आल्यावर सांगा." बस्स.

हे पाच वाजून गेल्यावर आले. हब धुतलं, नवं बेअरिंग बसवलं, नट आवळून चाक फिरवून पाहिलं, परत आवळलं. जाड पिन घातली, वाकवली. मग पाना ड्रायव्हरच्या हातात दिला आणि म्हणाले, "तुम्ही बघा." त्यानं जोर लावून बघितलं. नट हलला नाही. मी सेन्सर बसवला. आता चाक फिरवलं तर मीटरचा आकडा एका जागी स्थिर राहिला. केबिनमध्ये चढून पॅनल उघडलं, बल्ब जागेवर लावला. किल्ली फिरवली तर दिवा लागला, गाडी हलली तसा विझला. आम्ही घाटाच्या पायथ्यापर्यंत त्याच्या मागे गेलो. खाली त्यानं हात दाखवला, पण गाडी थांबवली नाही.

घरी येताना गिरणाऱ्याच्या चौकात हे थांबले. चहा घेतला. आम्ही त्या दिवशी त्या विषयावर काही बोललो नाही. पुढचे पंधरा-वीस दिवसही नाही. जेवताना, गॅरेज उघडताना, सगळं बोलणं कामापुरतं. मग एका दुपारी एका टेम्पोचं हब बांधून झाल्यावर त्यांनी हाक मारली. टोपण लावलेलं नव्हतं. "ही पिन बघ," म्हणाले. मी पाहिली. त्यांनी टोपण ठोकलं. तेव्हापासून प्रत्येक हब बंद करायच्या आधी मी ते बघते. दिवा काढायची कुणी गळ घातली, तर मी नाही म्हणते, आणि काही गाड्या त्यामुळे दुसरीकडे गेल्या आहेत.

तो ड्रायव्हर पावसाळाभर आला नाही. मालधक्क्यावर त्याचा ट्रक दिसल्याचं कोणी ना कोणी सांगायचं. घडलेलं त्यानं चार ठिकाणी बोलून दाखवलं असणार, कारण एक-दोन जुनी गिऱ्हाइकं आमच्याकडे फिरकेनाशी झाली. त्यात खोटं काही नव्हतं.

दिवाळीच्या आधी एका सकाळी तो आला. मागचे दिवे लागत नव्हते. मी वायर शोधत असताना हे जवळ आले, म्हणाले, "चाकं बघून देऊ का? तसंच, पैसे नको."

"नको मिस्त्री," तो म्हणाला. "चाकाचं काम आता त्र्यंबकला करतो. वायरिंगचं वहिनींकडं."

"बरोबर आहे," हे म्हणाले आणि आत गेले.

मी घासून चेसिसला टेकलेली वायर शोधून काढली, टेप गुंडाळला, दिवे लावून दाखवले. मग धीर करून विचारलं, "मंडळी कशी आहे?"

"बरी हाय. परवा मळ्यावर सोडली." तो केबिनमध्ये चढला. "येताना गाडीतच व्हती. पन घाट लागायच्या आधी उतरती, अन् जीपनं वर येती. म्या काय बोलत नाय."

त्यानं गाडी सुरू केली, आरशात बघितलं आणि मागे घेतली.